संगणक बंद पडतो तेव्हा
(संस्थेच्या पालक-मेळाव्यात दिलेले भाषण)



संगणकावर बोलायला मला उभे केले आहे, हे ऐकून माझ्याबरोबर शिकलेले मित्र हसतील. मी बी. ए., बी. एड. आहे आणि वर्गात इतिहास शिकवतो. शाळेच्या संगणक-कक्षाची किल्ली माझ्याकडे आली ती केवळ यासाठी की, ती घ्यायला दुसरे कोणी तयार नव्हते. तेव्हा मी जे सांगणार आहे ते इंजिनिअरचे ज्ञान नव्हे. मुलांसमोर अनेकदा फजिती होऊन, मेकॅनिकच्या शेजारी स्टूल टाकून बसून आणि स्वतःच्या हाताने काही नुकसान करून घेऊन जे शिकलो, तेवढेच आपल्यापुढे ठेवतो.

आधी घरातली गोष्ट. चालता चालता संगणक बंद पडला, की आपल्याकडे पहिला प्रश्न कोणता विचारला जातो? “हात कोणी लावला?” आणि हात बहुधा घरातल्या सर्वांत लहानाने, त्यातही मुलीने लावलेला असतो. सातवीतल्या एका विद्यार्थिनीने मला सांगितले, “सर, आमचा कॉम्प्युटर आता कापडाखाली झाकून ठेवलाय. अब्बा म्हणतात, तू बिघडवलास.” तिने चित्र काढायचा प्रोग्राम उघडला होता आणि पडदा निळा झाला, एवढेच घडले होते. मी तो संगणक पाहायला गेलो. आत रॅमची पट्टी एका बाजूने ढिली झाली होती. घर बदलताना तो टेम्पोतून आणला होता, त्या हादऱ्यांनी ती सुटली असावी. मुलीचा दोष एवढाच की, तो बंद पडला तेव्हा ती समोर बसली होती.

पालकहो, ही गोष्ट मनात ठेवा. कळफलकावरची कळ दाबल्याने धडधाकट संगणक कोसळत नाही. चुकून एखादी फाईल पुसली जाईल, पण यंत्र कोसळते ते दुसऱ्या कारणांनी, आणि ती कारणे शोधता येतात.

आता हे कोसळणे म्हणजे काय ते थोडे समजून घेऊ. संगणकाच्या आत सर्व प्रोग्रामवर देखरेख करणारा एक मुख्य कारभारी असतो. त्याला कर्नल म्हणतात. मेमरी कोणाला किती द्यायची, डिस्कवर कोण लिहिणार, हे तो ठरवतो. या कारभाऱ्यालाच हिशोब जुळेनासा झाला, मेमरीत नसलेल्या जागी कोणी हात घातला, तर तो पुढे काम रेटत नाही. चुकीचे काहीतरी डिस्कवर लिहिले जाण्यापेक्षा तो सारे काम थांबवतो आणि निळी पाटी दाखवतो. ज्याला आपण बिघाड म्हणतो तो खरे म्हणजे फ्यूज उडण्याचा प्रकार आहे. (२०२५ पासून विंडोज ११ मध्ये ही पाटी निळ्याची काळी झाली आहे, अर्थ तोच.) पाटीवर इंग्रजीत कारण लिहिलेले असते. पण विंडोज लगेच स्वतःच पुन्हा सुरू होते, त्यामुळे ते वाचायला सवडच मिळत नाही. सेटिंगमध्ये ‘ऑटोमॅटिकली रिस्टार्ट’ समोरची खूण काढून टाकली की पाटी थांबून राहते. मोबाइलने तिचा फोटो काढून ठेवावा.

आणि इथे एक भेद लक्षात घ्यावा, कारण निम्मे निदान त्यातच होते. पाटी दिसली म्हणजे कारभाऱ्याला निदान दोन शब्द लिहायला वेळ मिळाला; तेव्हा संशय मेमरीवर, डिस्कवर किंवा एखाद्या ड्रायव्हरवर घ्यावा. ड्रायव्हर म्हणजे प्रिंटर, वाय-फाय अशा भागांशी बोलणारा छोटा प्रोग्राम. पण पाटीबिटी काही न येता, दिवा विझावा तसा पडदा एकदम काळा झाला, तर कारभाऱ्याला बोलायलाही वेळ मिळालेला नाही. तेव्हा आधी वीज आणि उष्णता पाहावी. फक्त एकच प्रोग्राम बंद होत असेल आणि बाकी सारे चालत असेल, तर तो आजार त्या प्रोग्रामचा; त्यासाठी संगणक उचलून दुकानात नेण्याची काहीच गरज नाही.

आमच्या संगणक-कक्षातील सात नंबरच्या यंत्राची हकीकत यासाठीच सांगतो. एका एप्रिल महिन्यात प्रात्यक्षिके तोंडावर आली असताना हे यंत्र रोज बंद पडू लागले. सुरू करावे, पंधरा-वीस मिनिटे चालावे आणि एकाएकी काळे व्हावे. मेकॅनिक आला. त्याने न उघडताच सांगितले, “मदरबोर्ड गेला, सर.” खर्चाचा आकडा ऐकून मी गप्प बसलो. तेव्हा नववीतला एक मुलगा म्हणाला, “सर, सकाळच्या शाळेत हे कधीच बंद पडत नाही. दुपारीच पडतं.” मी कधी तिकडे लक्षच दिले नव्हते. शनिवारी सकाळी साडेसातला यंत्र लावले आणि चालूच ठेवले. दहापर्यंत ते एकदाही थांबले नाही. अकराला मात्र थांबले.

यवतमाळ जिल्ह्यातील एप्रिल-मे आपणांस मी काय सांगावे! बाहेर पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि पत्र्याच्या छपराखालच्या खोलीची भट्टी होते. प्रोसेसर थंड ठेवायला त्याच्यावर ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांचा ठोकळा आणि पंखा असतो. पण पंखा गार हवा कुठून आणणार? तो खोलीतलीच हवा ओढतो. प्रोसेसर सुमारे १०० अंशांच्या आसपास पोचला की आधी स्वतःची गती कमी करतो, तेवढ्याने भागले नाही तर जळू नये म्हणून यंत्र बंद होते. आम्ही सात नंबरची पेटी उघडली. त्या पात्यांमध्ये अक्षरशः गादी भरलेली होती! शाळेच्या मागे जिनिंग आहे, हंगामात रुईचे तंतू हवेत उडतात आणि सात नंबर बरोबर त्या खिडकीखाली. मदरबोर्ड ठणठणीत होता. कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यातला संगणक कापसानेच गुदमरला होता.

सफाई कशी करावी ते नीट सांगतो, कारण चुकीच्या सफाईने माझे एक यंत्र कायमचे गेले आहे. यंत्र बंद करून प्लग भिंतीतून काढावा. चालू करण्याचे बटण दोन-चार सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत उरलेली वीज संपते. हात पेटीच्या उघड्या धातूला लावावा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज निघून जाते. मग कोरड्या, मऊ ब्रशने धूळ झाडावी. ब्लोअर असेल तर पंख्याचे पाते बोटाने धरून हवा मारावी, पंखा भरारा फिरू देऊ नये. ओले फडके लावू नये. तोंडाने फुंकू नये, फुंकरीबरोबर ओलावा जातो. चार-पाच वर्षांच्या यंत्रात प्रोसेसर आणि ठोकळा यांच्यामधली पेस्ट वाळून खडखडीत झालेली असते. ती पुसून नवी लावायची असते, परंतु ते पहिल्यांदा जाणत्या माणसाकडून करून घ्यावे. आणि संगणक चालू असताना त्यावर कापड झाकू नये. लॅपटॉप गादीवर ठेवून चालवू नये. धुळीपासून जपण्याच्या भरात आपण त्याचे नाक दाबतो.

सात नंबरच्या प्रकरणानंतर मी प्रत्येक यंत्राशेजारी एक शंभर पानी वही दोरीने बांधली. यंत्र बंद पडले की तारीख, वेळ, त्या वेळी काय चालू होते, पाटी आली का, आणि आदल्या दिवसापासून यंत्रात नवे काय झाले, एवढे मुलांनी लिहायचे. मी इतिहासाचा माणूस, पुराव्यावाचून मला करमत नाही; पण ही कल्पना माझी नव्हे. ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेत हार्वर्डच्या मार्क-दोन या अवाढव्य यंत्रात बिघाड झाला, तेव्हा एका रिलेमध्ये अडकलेला पतंग सापडला. चालकांनी तो काढून चिकटपट्टीने नोंदवहीत चिकटवला आणि शेजारी नोंद केली. दोषाला ‘बग’ म्हणण्याची पद्धत त्यापूर्वीचीच, पण खरोखरचा किडा सापडल्याची ही गंमत. ते पान आजही वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. आमच्या वहीत पतंग नाही, पाल आहे. चार नंबरच्या एसएमपीएसमध्ये ती शिरली होती. विद्यार्थ्यांनी तिचे चित्र काढले आहे.

विजेकडे वळतो. एसएमपीएस म्हणजे पेटीतला तो डबा, जो घरातल्या २३० व्होल्टचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करून आत पोचवतो. मी शाळेत होतो तेव्हाचे भारनियमन आपण सर्वांनी भोगले आहे. आता तितके नसले तरी डीपीवर ताण आला की दाब खाली जातो, लाइट जाते-येते, आणि येताना झटका देत येते. स्वस्त एसएमपीएस हे सोसत नाही. खूण अशी की, प्रिंटर सुरू होताच किंवा शेजारचा कूलर लावताच संगणक पुन्हा चालू होतो. अशा वेळी संगणकाला स्वतंत्र सॉकेट द्यावे. एक्स्टेन्शन बोर्डला आणखी एक बोर्ड जोडून त्यावर संसार मांडू नये. यूपीएसची बॅटरी साधारण दोन-तीन वर्षांत थकते. यूपीएस आहे म्हणून निर्धास्त राहू नये. महिन्यातून एकदा, काम सेव्ह करून, भिंतीवरचे बटण बंद करून पाहावे. लेझर प्रिंटर यूपीएसला जोडू नये, सुरू होताना तो एकदम फार वीज ओढतो.

अर्थिंगबद्दल कोणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. पेटीला हात लावल्यावर मुंग्या येतात ना? तो भूतबाधेचा प्रकार नाही, अर्थिंग नीट नाही एवढाच त्याचा अर्थ. उन्हाळ्यात जमीन वाळली की खड्डा कोरडा पडतो. शाळेत आम्ही एप्रिलपासून खड्ड्यात बादलीभर पाणी ओततो. इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधील दाब मोजून घ्यावा, तो दोन-तीन व्होल्टच्या आत असावा. आणि जूनमध्ये पहिल्या पावसाचा गडगडाट सुरू झाला की बटण बंद करून भागत नाही, प्लग काढावा. इंटरनेटची तांब्याची तारही काढावी. वीज त्या वाटेनेही येते.

रॅमची गोष्ट वर आलीच. पाट्यांवर मेमरीचा उल्लेख वारंवार येत असेल, किंवा सुरू करताना यंत्र नुसतेच बीप करीत असेल, तर पट्टी काढून तिच्या सोनेरी दातांवर पांढरा खोडरबर हलक्या हाताने फिरवावा, कण झाडावे आणि दोन्ही बाजूंनी ‘कट्’ आवाज होईपर्यंत बसवावी. दोन पट्ट्या असतील तर एक-एक लावून पाहावी, दोषी आपोआप पकडली जाते. विंडोजमध्ये ‘मेमरी डायग्नोस्टिक’ नावाची तपासणी फुकट असते. रात्री लावून झोपावे.

आता डिस्क. इथे मला आपणां सर्वांसमोर एक कबुली द्यायची आहे.

काही वर्षांपूर्वी कार्यालयाशेजारच्या खोलीतला संगणक वारंवार अडकू लागला. फाईल उघडायला पाच-पाच मिनिटे लागत आणि आतून बारीक टिक्-टिक् येई. मला वाटले, कचरा साठला आहे, फॉरमॅट मारून विंडोज नव्याने टाकू. त्या काळी प्रत्येक आजारावर मला तेवढे एकच औषध माहीत होते. मी फॉरमॅट केले. दुसऱ्या दिवशी लक्षात आले की, दहावीच्या मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी स्कॅन करून ठेवलेले दाखले त्याच डिस्कवर होते आणि दुसरी प्रत कुठेच नव्हती. मुदत चार दिवसांवर आलेली. बहुतेकांच्या घरी मूळ कागद होते. काहींचे उत्पन्नाचे दाखले मात्र घरी सापडेनात, आणि त्यांच्या वडिलांना मजुरी बुडवून सेतू केंद्रात आणि तहसीलला खेटे घालावे लागले. दोन विद्यार्थ्यांचे अर्ज त्या वर्षी राहिलेच. ते पालक आज या सभेत बसले आहेत. त्यांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही, हे मला जास्त लागले.

ती टिक्-टिक् म्हणजे डिस्क मरणपंथाला लागल्याची खूण होती. त्या अवस्थेत पहिले काम एकच : जे वाचवता येईल ते पेन-ड्राइव्हवर किंवा दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यायचे. दुरुस्ती नंतर. तपासणीचे ‘चेक डिस्क’ देखील नंतर, कारण तेही आजारी डिस्कला पळवते. फॉरमॅट सर्वांत शेवटी. मेकॅनिक जर आल्याबरोबर “फॉरमॅट मारावा लागेल” म्हणाला, तर त्याला विचारा : “आधी आमचे कागद कुठे ठेवणार?” मुलांचे दाखले, गुणपत्रिका, फोटो यांच्या दोन प्रती दोन वेगळ्या जागी असाव्यात, त्याच डिस्कच्या दुसऱ्या कप्प्यातली प्रत ही प्रत नव्हे.

सॉफ्टवेअरचे दोष शोधायला वहीतली शेवटची ओळ कामी येते : नवे काय झाले? नवा प्रिंटर लावला, नवा अँटिव्हायरस टाकला, नवे अपडेट आले, आणि त्यानंतर कोसळणे सुरू झाले, तर शेवटी आलेल्या पाहुण्याला आधी बाहेर काढावे. यंत्र नीट सुरूच होत नसेल तर ‘सेफ मोड’ मध्ये सुरू करावे. त्यात अगदी मोजकेच ड्रायव्हर चालतात. सेफ मोडमध्ये ते ठीक चालले, तर बहुतेक वेळा दोष यंत्राचा नसून वर लादलेल्या एखाद्या प्रोग्रामचा असतो.

याचे जगातले सर्वांत मोठे उदाहरण आपण नुकतेच पाहिले. १९ जुलै २०२४, शुक्रवार. आपल्याकडे सकाळचे ९ वाजून ३९ मिनिटे झाली असताना क्राउडस्ट्राइक या अमेरिकी कंपनीने आपल्या सुरक्षा-प्रोग्रामची एक छोटी फाईल जगभरच्या संगणकांवर पाठवली. ७८ मिनिटांनी ती मागे घेतली. तेवढ्यात, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे, सुमारे ८५ लाख संगणक निळे होऊन बसले. विमाने अडकली, परदेशांत इस्पितळांच्या भेटी रद्द झाल्या, आपल्या देशातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. दोष काय होता? हजेरीपटाचे उदाहरण घ्या. पटात २० रकाने आहेत आणि हुकूम आला की २१ वा रकाना वाच. तो प्रोग्राम कर्नलच्या मांडीला मांडी लावून बसणारा, त्याने नसलेल्या जागी हात घातला आणि कारभाऱ्याने सारे काम थांबवले. मुळात घडले ते इतकेच. उपाय ठाऊक होता : सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाईल पुसायची. पण यंत्र सुरूच होत नसल्यामुळे बहुतेक ठिकाणी प्रत्येक यंत्रापाशी माणसाला जावे लागले, आणि त्यात दिवसच्या दिवस गेले. जगातील निवडक इंजिनिअर पोसणाऱ्या कंपनीकडून हे झाले! आणि आपण सातवीतल्या मुलीला विचारतो, हात कोणी लावला.

बाकीची कारणे थोडक्यात सांगतो. फुकटचे म्हणून आणलेले ‘क्रॅक’ प्रोग्राम आणि गावभर फिरलेला पेन-ड्राइव्ह यांतून व्हायरस येतो, हे आता सर्वांना ठाऊक आहे, तरी आपण करतोच. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या व्हायरसने जगभर फाईलींना कुलपे लावली. त्याला अडवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच देऊ केली होती. ज्यांनी अपडेट घेतले नाही ते सापडले. म्हणजे अपडेटने एखादेवेळी घात होतो आणि अपडेट न घेतल्याने जास्त वेळा होतो. विंडोज १० ची नेहमीची मोफत दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. आपल्या बहुतेक घरांतली यंत्रे जुनी आहेत आणि त्यांवर विंडोज ११ बसत नाही. ती भंगारात देण्यापूर्वी लिनक्स घालून पाहावे. सी-डॅकने बनवलेले ‘बॉस’ लिनक्स मोफत आहे आणि त्यात मराठीही आहे.

एक तक्रार तर दर जून-जुलैला येते : “सर, ऑनलाइन फॉर्मची साइट उघडत नाही, कॉम्प्युटर खराब झाला.” मी आधी कोपऱ्यातली तारीख पाहतो. तिथे कित्येक वर्षांपूर्वीचे साल असते. आतला बटणाएवढा ३ व्होल्टचा सेल संपलेला असतो, त्यामुळे यंत्राला आजची तारीख आठवत नाही, आणि तारीख चुकली की सुरक्षित साइट त्याच्यावर विश्वास ठेवीत नाही. घड्याळाच्या दुकानातही मिळणारा तो सेल बदलला की काम झाले. एका पालकांनी यासाठी नवा संगणक घ्यायचे ठरवले होते.

बारावीला माहिती तंत्रज्ञान विषय घेणाऱ्या मुलांची परीक्षा संगणकावरच होते. ज्या मुलाला घरी हात लावू दिला नाही, तो परीक्षेच्या दिवशी पडदा थिजला की रडायला लागतो. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. पर्यवेक्षकांना हात वर करून सांगायचे, वेळ लिहून ठेवायची, सारखी-सारखी बटणे दाबायची नाहीत, इतकेही त्याला कोणी सांगितलेले नसते.

शाळेने ठरवले आहे की, दर शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर संगणक-कक्ष दोन तास उघडा राहील. आपली बंद पडलेली यंत्रे घेऊन या. मॉनिटर आणि कळफलक आणू नका, ते आमच्याकडे आहेत. फक्त पेटी आणा आणि ती केव्हा केव्हा बंद पडली हे कागदावर लिहून आणा. शक्यतो ज्या मुलामुलीने ती शेवटची वापरली, त्यांनाच बरोबर आणा. ब्रश, खोडरबर आणि पेचकस आमच्याकडे आहेत. पेटी उघडण्याचे काम सध्या त्याच मुलीकडे दिले आहे, ती आता आठवीत आहे. तिचे वडील पहिल्या शनिवारी स्वतःच पेटी उचलून घेऊन आले होते.